रूथलँडचा ठराव

मंगळवारी सकाळी गोल्फ रोडच्या सिग्नलला मी हॉर्न वाजवला आणि लगेच जीभ चावली. कोपऱ्यावर पाच-सहा पांढऱ्या केसांची माणसं राष्ट्राध्यक्षांच्या मनमानीविरुद्ध ‘आम्हाला राजे नकोत’ असे फलक धरून उभी होती. अलीकडे ती बहुतेक मंगळवारी असतात, थंडी असो, वारा असो, आणि येणारे-जाणारे पाठिंबा म्हणून हॉर्न वाजवतात. मीही वाजवते, हाताला सवयच झाली आहे. पण त्या दिवशी माझ्या शेजारच्या सीटवर एक राजा बसला होता. खराखुरा म्हणावं की नाही हा प्रश्न निराळा, पण गेली चोवीस वर्षं मी ज्याची प्रजा आहे तो राजा, हॅरल्ड पहिले, वय ब्याऐंशी, निवृत्त सर्व्हेअर, माझे शिकागोजवळच्या शॉमबर्गमधले शेजारी. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, पण माझ्या मनात ते पहिल्या दिवसापासून अहो-जाहोच आहेत. मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन चालले होते. हॉर्न वाजल्यावर ते माझ्याकडे बघतील, हसतील असं मला वाटलं. ते समोरच बघत राहिले. दिवा हिरवा झाला, मी गाडी काढली, आणि पुढच्या चौकात ते म्हणाले, “यामिनी, शनिवारी मला तुझं मत हवंय.” चोवीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे साधी वाटीभर साखर मागितली नव्हती.

आता हे राज्य काय ते सांगायला हवं, नाहीतर मला वेड लागलंय असं कुणी म्हणायचं. आमचा नंदू, म्हणजे माझा नवरा, तसंच म्हणतो. ‘तुझं संस्थान’ हा त्याचा शब्द. हॅरल्डनी आयुष्यभर जमिनी मोजल्या. त्यांच्या घरामागे दोन जुन्या मोजण्या एकमेकींना भिडल्याच नाहीत आणि मधली चाळीस फूट रुंदीची लांबट पट्टी कुणाच्याच कागदात आली नाही, हे त्यांना एके दिवशी नकाशे चाळताना दिसलं. दुसऱ्या कुणी ती गुपचूप आपल्या कुंपणात घेतली असती. यांनी काय केलं, तर बायकोच्या वाढदिवसाला, सत्त्याऐंशी साली, ती पट्टी राज्य म्हणून जाहीर केली आणि राज्याला बायकोचंच नाव दिलं, रूथलँड. रूथ म्हणाली म्हणे, की बरं, तू राजा तर राजा, आता कचरा बाहेर नेऊन ठेव. पण तिनं एक अट घातली. राजा असला तरी शेवटचा शब्द सभेचा. म्हणून नऊ जणांची सभा झाली, राजाला त्यात मत नाही, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता ती वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत भरते. तिथे लहान मुलांच्या खुर्च्या असतात, त्यामुळे सगळ्या सभासदांचे गुडघे टेबलाच्या वर.

मी त्यात कशी शिरले? दोन हजार एकच्या नोव्हेंबरात आम्ही इथे आलो. नंदूला नोकरी होती, मला नव्हती, करायची परवानगीही नव्हती. घर भाड्याचं त्याच्या नावावर, फोन त्याच्या नावावर, बँकेत माझी सही चालत नव्हती. मी पुण्यात अकरा वर्षं विमा कंपनीत काम केलेली बाई, आणि इथे दिवसभर खिडकीतून बर्फ कधी पडतं ते बघत बसायची. दुसऱ्याच आठवड्यात रूथ केळ्याचा ब्रेड आणि एक कागद घेऊन दारात उभी. म्हणाली, आमची सरहद्द तुमच्या कुंपणाला लागते, तेव्हा तुम्ही सीमेवरचे लोक, नागरिकत्व तुमचा हक्क आहे. मला वाटलं काहीतरी विकायला आली आहे. सही केली ती निव्वळ भिडेनं. पुढच्या शनिवारी सभेतल्या रिकाम्या नवव्या खुर्चीवर मला बसवलं. विषय होता, पट्टीवरच्या अक्रोडाखाली बाक ठेवायचं ते पूर्वेकडे तोंड करून की पश्चिमेकडे. चौघे एकीकडे, चौघे दुसरीकडे. मग सगळे माझ्याकडे वळले आणि हॅरल्डनी विचारलं, तुझं मत काय? मला आठवतं, मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत की काय म्हणून. त्या वर्षात मला ते कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पश्चिमेकडे, संध्याकाळी बसायचं असेल तर. बाक पश्चिमेकडे ठेवलं. अमेरिकेनं मला नागरिक करून घ्यायला सतरा वर्षं लावली. भारतात मतदानाला जायचं तर विमानानं जायला हवं. म्हणजे ती सतरा वर्षं जगाच्या पाठीवर माझं मत मोजलं जायचं ते फक्त त्या तळघरात. हसायचं त्यानं हसावं. मी हसत नाही.

डॉक्टरांच्या खोलीत मंगळवारी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी ते असं काढलं की डॉक्टरीणबाई बघत राहिल्या, बाराही आकडे कंपासनं टाकल्यासारखे. मग बाईंनी विचारलं, आज वार कोणता? ते माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. उन्हाळ्यापासून हे चाललं आहे. जूनमध्ये निदान झालं तेव्हाही मीच बरोबर होते, आणि परतताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की हे कुणाला सांगायचं नाही, निदान सभेत तरी नाही. रूथ जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, पुतण्या अ‍ॅरिझोनात. त्यामुळे ही गोष्ट दोघांनाच ठाऊक, त्यांना आणि मला, आणि त्यातल्या एकाला ती पुढेमागे आठवणार नाही. तपासणी संपल्यावर ते गाडीत बसले, पट्टा लावला, आणि खिशातून एक छापलेलं पत्र काढून मला वाचायला दिलं. ते मी तिथेच, पार्किंगमध्ये, इंजिन बंद ठेवून वाचलं.

तर आमच्यासारखी हौशी राज्यं जगात पुष्कळ आहेत, हे मला त्या पत्रावरून कळलं. त्यातल्या राजा-राणीवाल्यांचा एक आंतरराष्ट्रीय संघ आहे, राजसत्तांचा. वर्षातून एकदा भेटतात, पुढल्या उन्हाळ्यात क्वेबेकमध्ये भेटणार आहेत. प्रत्येक राज्याची एक वंशावळ आणि प्रत्येक राजाचं चरित्र ते एका जाड ग्रंथात कायमचं नोंदवून ठेवतात. रूथलँडला त्यांनी आमंत्रण दिलं होतं. अट एकच होती, अगदी गोड शब्दांत लिहिलेली. सदस्य राज्यात अंतिम शब्द राजाचा असला पाहिजे. सभा असल्यास तिनं सल्ला द्यावा. म्हणजे आमची सनद बदलायला हवी, आणि सनद बदलायला नऊच्या नऊ मतं लागतात. रूथनंच तसं लिहून ठेवलं आहे. मी पत्र घडी करून परत दिलं. घरी पोचेपर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो.

चार दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. मी आता इथल्या एका विमा कंपनीत दावे तपासते, लोकांना ‘नाही’ म्हणायचाच मला पगार मिळतो. पण ते नाही कागदावर असतं, खाली कंपनीचा शिक्का असतो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणायची आपल्याला कुठे सवय? जेवण नको असेल तरी ‘अर्धी पोळी वाढा’ म्हणणारे आपण. नंदूला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, दे ना होय म्हणून, तुझं काय जातंय, म्हातारा खूश होईल. उर्वी, माझी मुलगी, शिकागोत राहते, त्या फलकवाल्यांच्या मोर्च्यांना जाते, स्वतः फलक रंगवते. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॉम, इट्स प्रिटेंड. जस्ट लेट हिम हॅव इट.” मी फोन ठेवला आणि मला इतका राग आला की मी गॅसवरचं दूध तसंच उतू जाऊ दिलं. प्रिटेंड! मग मी तिथे चोवीस वर्षं काय करत होते, भातुकली? राग तिचा नव्हता हेही मला कळत होतं. तिनं बोलून दाखवलं होतं ते माझ्याच मनात होतं.

माझे आजोबा एका छोट्या संस्थानात हायस्कुलात मास्तर होते. राजेसाहेबांनी स्वतःच्या खर्चानं त्यांना पुण्याला शिकायला पाठवलं होतं, आणि दर गुरुवारी ते आजोबांना बुद्धिबळाला बोलावत. संस्थानात एक लहानशी सभा होती, आजोबा तिचे सभासद. सत्तेचाळीस साली आजूबाजूच्या लहान संस्थानांनी मिळून एक संघ करायचा असं घाटत होतं, म्हणजे राजांनी राजांचा हात धरून तग धरायचा. राजेसाहेबांच्या मनात ते फार होतं. सभेत एकेकजण उठला, ‘हुकूम’ म्हणाला आणि बसला. आजोबा उठून म्हणाले, लोकांना विचारल्याशिवाय नको. एवढंच. संघ पुढे टिकला नाहीच, ती गोष्ट वेगळी. पण त्या गुरुवारी वाड्यावरून बोलावणं आलं नाही आणि आजोबाही आपणहून गेले नाहीत. चौदा वर्षं. एका गावात राहून. राजेसाहेब वारले तेव्हा आजोबा अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चालले. मी लहानपणी त्यांना विचारायची, तुम्ही बरोबर होतात ना? ते म्हणायचे, भीड ही भिकेची बहीण, पोरी. पण हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण कधी दिसली नाही. घरातला पट त्यांनी पुन्हा मांडलाच नाही. मला त्या नाहीची भीती कधी वाटली नाही. मला भीती वाटते ती त्या चौदा वर्षांची. हॅरल्डकडे तर चौदा महिनेही आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक. एवढ्यात त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, तर मग ते परत सुरू व्हायला त्यांना आधी मी आठवायला तरी हवी.

शनिवारी नऊच्या नऊ जण आले. एरवी सहासुद्धा जमत नाहीत. सभापती डोलोरेस, सत्तरीची निवृत्त नर्स, तिनं सगळ्यांना कॉफी ओतून दिली आणि ठराव वाचला. हॅरल्ड तपकिरी कोट घालून टेबलाच्या टोकाला बसले होते, दाढी गुळगुळीत केलेली. मग चर्चा झाली. एकानं विचारलं, क्वेबेकला झगे घालावे लागतील का? दुसऱ्यानं विचारलं, आपल्याला राष्ट्रगीत नाही, ते चालेल का? पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक बाई म्हणाली की त्या ग्रंथात रूथचंही नाव येईल, किती छान. डोलोरेस म्हणाली, मला तर यात काहीच वाईट दिसत नाही. सगळे हसरे होते, मऊ बोलत होते, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की निदान माहीत नसलं तरी सगळ्यांना काहीतरी कळलेलं आहे. कुणीही त्या अटीबद्दल बोललं नाही. सल्ला म्हणजे काय, शेवटचा शब्द म्हणजे काय, एका अक्षरानं नाही. त्यांचं मन राखायचं एवढंच काय ते ठरलेलं होतं. माझ्या मनात आलं, असंच असेल तर ते बाकही त्यांनी माझं मन राखायलाच पश्चिमेकडे ठेवलं असेल. आणि हे मला सोसेना. खरं सांगते, मी राजासाठी किंवा लोकशाहीसाठी काही केलं नाही. मला माझं ते एक मत खरं हवं होतं.

मतं आडनावांच्या क्रमानं घेतात. माझं आडनाव वैद्य, मी शेवटची. आठ वेळा ‘होय’ झालं. डोलोरेसनं माझं नाव घेतलं, आणि मी म्हटलं की मला उलट बाजू मांडायची आहे.

खोलीत कुणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला. हा आमचा एक नियम आहे, तोही रूथचाच, म्हणे नवराबायकोच्या भांडणांतून निघालेला. ज्याला ठरावाविरुद्ध मत द्यायचं आहे त्यानं आधी ठराव मांडणाऱ्याची बाजू स्वतः मांडायची, इतकी नीट, की मांडणाऱ्यानं ‘हो, हीच माझी बाजू’ असं म्हटलं पाहिजे. तोवर नाही म्हणता येत नाही. सहलीच्या तारखेवरून, पाखरांच्या दाण्यांवरून आम्ही तो कितीतरी वेळा वापरलाय आणि हसलोय. राजानं स्वतः ठराव अडतीस वर्षांत तीनदाच मांडला, तिन्ही वेळा सगळ्यांनी होय म्हटलं. त्यांच्यावर तो नियम कधी कुणी वापरलाच नव्हता. ते माझ्याकडे वळून नीट बसले. मी उभी राहिले, उगाचच, इथे कुणी उभं राहत नाही. म्हटलं, तुम्ही हे राज्य रूथसाठी केलंत. ती गेली. शनिवारी माणसं कमी येतात. आपल्या मागे ही पट्टी कुणाच्या तरी कुंपणात जाईल आणि असं काही होतं हेही कुणाला कळणार नाही. म्हणून कुठेतरी, परक्यांच्या का होईना, ग्रंथात नोंद व्हावी असं तुम्हाला वाटतं. सभेचा शब्द गेला तरी चालेल, पण नाव राहावं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, “अर्धी झाली.”

मला वाटलं, मी काही विसरले. मग त्यांचे डोळे बघितले आणि कळलं. वचन त्यांनी घेतलं होतं, तेच मला मोकळं करत होते, नव्हे, भाग पाडत होते. मी मान हलवली, नको म्हणून. ते तसेच बघत राहिले, टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून. मला इंग्रजी शब्द सुचेनात, इतक्या वर्षांनी सुचेनात. शेवटी मी म्हटलं, “जूनपासून तुम्ही विसरायला लागला आहात. आणखी विसराल. एक दिवस रूथचं नावही आठवणार नाही. आपण कोण होतो हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं, म्हणून तुम्हाला हे हवंय.”

डोलोरेसनं तोंडावर हात धरला. वर कुठेतरी मुलांना गोष्ट वाचून दाखवणं चाललं होतं, त्यांचं हसू ऐकू येत होतं. हॅरल्ड म्हणाले, “हो. हीच माझी बाजू.” अगदी शांतपणे म्हणाले, मोजणीचा आकडा सांगावा तसं.

आणि मग मला ते म्हणावं लागलं. इतकी बाजू मांडल्यावर ती आपलीच वाटायला लागते हे रूथला नक्की ठाऊक असणार, म्हणूनच तिनं तो नियम केला. एक क्षण मला होयच म्हणावंसं वाटलं, मनापासून. पण मी नाही म्हटलं. डोलोरेसनं वहीत लिहिलं, होय आठ, नाही एक, ठराव नामंजूर. तिनं वही राजापुढे सरकवली. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडायला त्यांना वेळ लागला, कुणी मदत केली नाही. सही केली. तारीख घालताना थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी तारीख सांगितली. त्यांनी ती लिहिली.

त्यांना घरी सोडायचं काम माझंच होतं, गाडी चालवणं त्यांचं ऑगस्टपासून बंद आहे. माणसं एकेक करून त्यांना मिठी मारून गेली. माझ्याशी दोघं-तिघं बोलले नाहीत. डोलोरेस म्हणाली, तुला हे करायची काय गरज होती? गाडीत मी रेडिओ लावला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपल लालभडक झाले होते, एरवी हॅरल्ड दरवर्षी मला त्या झाडांची नावं सांगतात. त्यांच्या घरापुढे मी गाडी उभी केली. उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडायला गेले तर ते पट्टाही न काढता बसलेले. मी उघड्या दारात तशीच उभी राहिले.

“अडतीस वर्षं सगळ्यांनी माझं मन राखलं,” ते म्हणाले. “रूथ सोडून. आज तू नाही राखलंस.”

मी विचारलं, तुम्ही रागावलात का माझ्यावर? ते म्हणाले, हो, फार. खोटं बोलायची त्यांना कधीच सवय नव्हती. मला रडू फुटलं, तिथेच, भर दुपारी, रस्त्यात. त्यांनी मला रडू दिलं. समजूत वगैरे काढली नाही. मग पट्टा काढला, एक पाय बाहेर टाकला आणि माझा हात धरला, उतरण्यापुरता.

“हे मी विसरेन,” ते म्हणाले. “तेव्हा मला सगळं सांगायचं. राज्य कसं होतं, सभा कशी होती, आणि तू मला नाही म्हणालीस ते. ते गाळायचं नाही.”

“सांगेन.”

“मी पुन्हा रागावेन.”

“रागवा,” मी म्हटलं. “दर वेळी रागवा. मी इथेच आहे.”